माउसशिवाय पाणीपट्टी
वेबसाइट दिव्यांगांना वापरता येते का, हे हातानं कसं तपासायचं

नवी मुंबई हे आधी कागदावर आखून मग वसवलेलं शहर. १७ मार्च १९७० रोजी ते वसवणाऱ्या सिडको या महामंडळाची स्थापना झाली, वाशी, नेरूळ, बेलापूर असे नोड एकामागून एक उभे राहिले, आणि १ जानेवारी १९९२ पासून महापालिकेचा कारभार सुरू झाला. आता या शहराचा बराचसा व्यवहार खिडकीवरून उठून पडद्यावर आला आहे. मालमत्ता कर, पाणीपट्टी, दाखल्यांचे अर्ज, सिडकोच्या घरांची सोडत, सगळं घरबसल्या. घराबाहेर पडणंच ज्यांना जिकिरीचं होतं, त्यांना याचा दिलासा सर्वांत जास्त मिळायला हवा. सिडकोच्या सोडतीत दिव्यांगांसाठी घरं राखीव असतात. पण राखीव घराचा अर्ज अंध माणसाला स्वतः भरता आला नाही, तर त्याला कुणाला तरी शेजारी बसवून आपला आधार क्रमांक, बँक खातं आणि ओटीपी मोठ्यानं सांगावा लागतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांच्यापैकी किती जणांना रोज असं कुणाला तरी शेजारी बसवावं लागत असेल, याचा विचार पान तयार करणाऱ्यानं करायला हवा.

तो विचार केला आहे की नाही, हे तपासता येतं. त्यासाठी महागडं साधन लागत नाही. एक कीबोर्ड, एक हेडफोन आणि थोडा धीर एवढ्यावर सुरुवात होते.

कायदा कुठवर आला आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या ४०, ४२ आणि ४६ या कलमांमुळे माहिती-तंत्रज्ञानाची सुगम्यता ही केवळ सदिच्छेची बाब राहिली नाही. ही जबाबदारी खासगी सेवा देणाऱ्यांवरही आहे. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये आली, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची. आयएस १७८०२ हे भारतीय मानकही आहे. या सगळ्यांच्या मुळाशी डब्ल्यूसीएजी हे जागतिक निकष आहेत. त्यांची २.२ ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२३ रोजी आली. तिच्यातल्या ए आणि डबल-ए या दोन पातळ्यांचे मिळून ५५ निकष होतात, आणि तपासनिसाचं रोजचं काम याच ५५ निकषांभोवती फिरतं.

अलीकडच्या दोन निकालांनी या विषयाला धार आली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाहीत, किमान निकष बंधनकारक हवेत, असं बजावलं. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांच्या खंडपीठानं डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. या प्रकरणाच्या मुळाशी काय होतं ते पाहा: ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांना ऑनलाइन केवायसी करताना डोळ्यांची उघडझाप करून दाखवायला सांगितलं जात होतं. तो पडदा तयार करताना असा चेहरा कुणाच्या डोळ्यांसमोर आला नव्हता, आणि असा चेहरा असलेल्या माणसाकडून तो तपासूनही घेतलेला नव्हता.

यंत्राला काय कळतं, काय कळत नाही

वेव्ह, ॲक्स, लाइटहाउस अशी मोफत साधनं एका क्लिकमध्ये पानातल्या दोषांची यादी काढून देतात. ती जरूर वापरावीत. वेबएम ही अमेरिकी संस्था दरवर्षी जगातल्या दहा लाख मुखपृष्ठांची अशी यांत्रिक तपासणी करते. २०२५ मध्ये त्यांतल्या ९४.८ टक्के पानांवर तिला दोष आढळले. म्हणजे यंत्राला दिसणारे दोषही अजून निघालेले नाहीत.

पण यंत्राला दिसतं त्यापेक्षा न दिसणारं जास्त असतं. २०१७ मध्ये ब्रिटिश सरकारच्या डिजिटल सेवा विभागानं एका पानात मुद्दाम १४० हून अधिक अडथळे पेरले आणि त्यावर वेगवेगळी साधनं चालवली. सर्वांत चांगल्या साधनालाही चाळीस टक्क्यांच्या आसपासच अडथळे सापडले. काही अडथळे तर एकाही साधनाला सापडले नाहीत.

कारण सोपं आहे. चित्राला पर्यायी मजकूर आहे का, हे यंत्र सांगतं. तो मजकूर ‘आयएमजी ००४५ डॉट जेपीजी’ असला तरी अनेकदा यंत्राच्या लेखी काम झालेलं असतं. नकाशाला ‘नकाशा’ एवढंच लिहिलं असेल तरीही तो पास. त्या नकाशात वाशीतलं कर भरणा केंद्र कुठे आहे हे दाखवलं होतं आणि ते ऐकणाऱ्याला कळलंच नाही, हे फक्त माणसाच्या लक्षात येतं.

पान तपासू नका, काम तपासा

हाताच्या तपासणीत सगळ्यात मोठी चूक होते ती सुरुवातीलाच: मुखपृष्ठ उघडायचं, चार गोष्टी पाहायच्या आणि अहवाल लिहायचा. नागरिक मुखपृष्ठ पाहायला येत नाही, काम उरकायला येतो. म्हणून आधी कामं निवडावीत. ‘पाणीपट्टीचं बिल शोधून भरणं’ हे एक काम. त्यात ग्राहक क्रमांक टाकणं, कॅप्चा, बिलाचा तक्ता, पैसे भरण्याचं पान, ओटीपी आणि पावती अशा पायऱ्या येतात. डब्ल्यूसीएजीतही हाच नियम आहे: साखळीतली एक कडी निकषात बसली नाही, तर त्या साखळीतलं कुठलंच पान निकषात बसतं असं म्हणता येत नाही. पाच पायऱ्या उत्तम आणि सहावी बंद, तर बिल भरलं गेलेलं नाही.

ज्या सेवेची मुदत असते ती आधी घ्या: शाळाप्रवेश, सोडत, परीक्षेचा अर्ज. तिथे अडलेला माणूस पुन्हा वर्षभर थांबतो.

पहिली फेरी: माउस काढून ठेवा

माउसची वायर खरोखरच काढा, लॅपटॉप असेल तर टचपॅड बंद करा. हात सवयीनं तिकडे जातो. आता टॅब दाबत पुढे जा, शिफ्ट-टॅबनं मागे या, एंटर आणि स्पेसनं बटणं दाबा, बाणांनी यादीतून फिरा, एस्केपनं खिडकी बंद करा. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना सेरेब्रल पाल्सी आहे, जे एकाच स्विचवर संगणक चालवतात, आणि बहुतेक सगळे अंध वापरकर्ते, यांचं जग इतकंच आहे.

बघायचं काय? प्रत्येक टॅबसरशी आपण कुठे आहोत ते दिसतं का? अनेक डिझायनर फोकस, म्हणजे आपण आहोत ती जागा, दाखवणारी निळी चौकट ‘ओबडधोबड दिसते’ म्हणून काढून टाकतात. मग कीबोर्डवाला अंधारात चाचपडतो. क्रम ठीक आहे का? नाव, पत्ता, मोबाइल असा जाणारा फोकस मध्येच तळटीपेत उडी मारतो का? ‘मुख्य मजकुराकडे जा’ असा दुवा अगदी सुरुवातीला हवा, नाहीतर प्रत्येक नव्या पानावर मेनूतले पन्नास दुवे टॅबनं ओलांडावे लागतात.

सर्वांत वाईट म्हणजे सापळा. कॅलेंडर उघडतं, तारखांतून फोकस फिरत राहतो आणि बाहेर पडता येत नाही. किंवा ‘आमच्याशी बोला’ची चॅटची खिडकी उघडते आणि बंद करण्याचं चिन्ह फक्त माउसलाच ओळखतं. असा सापळा सापडला की बाकी तपासणी थांबवून तो आधी कळवावा, इतका तो गंभीर आहे.

दुसरी फेरी: कान लावा

एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी तो घडवला. करन यांनी २००६ मध्ये काम सुरू केलं होतं. जॉज हा विकत घ्यावा लागतो. मोबाइलवर अँड्रॉइडचा टॉकबॅक आणि आयफोनचा व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतात. आपल्याकडे बहुतेकांचा हाताशी असलेला पहिला संगणक म्हणजे फोन. त्यामुळे टॉकबॅकची फेरी टाळणारी तपासणी अर्धीच राहते.

एनव्हीडीए सुरू करून एच दाबा: तो पुढच्या मथळ्यावर जाईल. के दाबला की पुढचा दुवा, एफ दाबला की फॉर्ममधला पुढचा खाना, टी दाबला की तक्ता. इन्सर्ट आणि एफ-७ एकत्र दाबले की पानावरच्या सगळ्या दुव्यांची, मथळ्यांची यादी समोर येते. अंध माणूस पान वरून खाली वाचत बसत नाही. डोळस माणूस नजर फिरवतो तसा तो मथळ्यांवरून फिरतो. म्हणून ‘थकबाकी’ हा शब्द नुसता ठळक करून मोठा केला असेल, मथळा म्हणून नोंदवला नसेल, तर त्याच्यासाठी तो मथळा नाहीच. दुव्यांच्या यादीत ‘इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, अधिक वाचा, अधिक वाचा’ असं ऐकू आलं तर कशावर एंटर दाबायचा?

आता ग्राहक क्रमांकाच्या खान्यावर या. पडद्यावर खान्याच्या वर ‘ग्राहक क्रमांक’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे. कानात मात्र येतं, ‘एडिट, ब्लँक’. म्हणजे लिहिण्याची जागा आहे, रिकामी आहे, बास. इथे काय लिहायचं ते कळत नाही, कारण ती अक्षरं आणि तो खाना कोडमध्ये एकमेकांना जोडलेलेच नाहीत. दुरुस्ती एका ओळीची असते. चुकीचा क्रमांक टाकून पुढे जा दाबा. खाना लाल होतो, पण कानात काहीच येत नाही. अंध वापरकर्ता बटण पुन्हा पुन्हा दाबत राहतो, शेवटी साइट बंद पडली असं समजून सोडून देतो. तपासताना म्हणूनच मुद्दाम चुका कराव्यात. बरोबर भरलेला फॉर्म फार काही शिकवत नाही.

बिलाच्या तक्त्यात कंट्रोल, अल्ट आणि बाण यांनी एकेक घर फिरा. स्तंभांची नावं नीट नोंदवलेली असतील तर ‘थकबाकी, ५२०’ असं ऐकू येतं. नसतील तर नुसतं ‘५२०’. हे चालू बिल, थकबाकी की विलंब शुल्क? पैशाच्या व्यवहारात हा घोळ परवडत नाही.

मराठी पानांची आपली दुखणी

परदेशी पुस्तकांत हा भाग सापडणार नाही, आणि आपल्याकडच्या अहवालांतही तो बहुधा गाळलेला असतो. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पहिली गोष्ट, पानाची भाषा कोडमध्ये कोणती नोंदवली आहे? पान पूर्ण मराठी, पण नोंद इंग्रजीची, हे सर्रास दिसतं. तयार साचा घेतलेला असतो आणि ती एक नोंद बदलायची राहून जाते. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो. काही आवाज देवनागरी मजकूर सरळ गाळतात, काही एकेक अक्षर तोडून म्हणतात. नोंद हिंदीची असेल तर फसवणूक आणखी सूक्ष्म होते: मजकूर वाचला जातो, पण १,८४५ रुपये हे ‘एक हजार आठशे पंचेचाळीस’ न येता ‘एक हज़ार आठ सौ पैंतालीस’ असे येतात, आणि चमचा, जहाज यांतले उच्चार बिघडतात. मराठी पानात मध्येच इंग्रजी परिच्छेद असेल, तर त्या परिच्छेदाला इंग्रजीची वेगळी नोंद हवी.

दुसरी गोष्ट, जुने फॉण्ट. श्रीलिपी, कृतीदेव यांच्या जमान्यात टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आतून तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच असतो. तपास अगदी सोपा: एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठीच उमटली तर युनिकोड. ‘के, आर, प्लस, अर्धविराम’ असं काही उमटलं, तर अंध वाचकाच्या कानात तेच पडतं.

तिसरी गोष्ट, पीडीएफ. आदेश छापायचा, सही-शिक्का मारायचा, स्कॅन करायचा आणि तो फोटो पीडीएफ म्हणून चढवायचा ही आपली कार्यालयीन रीत. अशा फाइलमध्ये एकही शब्द निवडता येत नाही. स्क्रीन रीडर म्हणतो, रिकामं पान. शब्द निवडता आले तरी निश्चिंत राहू नका. अनेक फाइलींत मजकूर कॉपी केला की काने-मात्रे-वेलांट्या विस्कटतात. पावतीही याच कसोटीवर तपासा. पैसे भरले गेले याचा पुरावा ज्याचा त्याला वाचता यायला नको का?

चौथी गोष्ट अल्पदृष्टी असलेल्यांची. पान २०० टक्के मोठं करून पाहा. मग १२८० पिक्सेल रुंदीच्या खिडकीत ४०० टक्के करा. आडवं सरकवावं न लागता सगळं एकाखाली एक यायला हवं. इंग्रजी साच्यात बटणाची उंची पक्की ठरवलेली असते. देवनागरीला शिरोरेषेच्या वरही जागा लागते आणि अक्षराखाली उकारालाही. मग ‘बंद करा’ वरचा अनुस्वार कापला जातो, ‘पूर्ण’ मधला ऊकार अर्धा दिसतो. हे यंत्र पकडत नाही. मराठी वाचणारा डोळाच पकडतो.

रंग, हालचाल, आवाज

अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ ला १ एवढा फरक हवा. मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. पांढऱ्यावर फिकट राखाडी हा आजचा लाडका प्रकार या मापात बसत नाही. ‘लाल रंगातल्या तारखा उपलब्ध नाहीत’ अशी सूचना रंगांधळ्या माणसाला उपयोगाची नाही. मुखपृष्ठावर सरकणारी बातमीपट्टी पाच सेकंदांपेक्षा जास्त चालत असेल तर ती थांबवण्याचं बटण हवं, कारण लक्ष विचलित होणाऱ्यांना बाजूचा मजकूर वाचता येत नाही. चित्रफितीला उपशीर्षकं हवीत, आणि ती माणसानं तपासलेली हवीत. यंत्रानं काढलेल्या मराठी उपशीर्षकांत गावांची नावं हमखास चुकतात. मदतीसाठी फक्त फोन क्रमांक दिला असेल तर कर्णबधिर माणसानं काय करावं? संदेश किंवा ईमेलचा मार्ग शेजारीच असावा.

कॅप्चा, ओटीपी आणि घड्याळ

वाकडीतिकडी अक्षरं ओळखा म्हणणारा कॅप्चा हा अंध माणसासाठी बंद दरवाजा असतो. ऐकण्याचा पर्याय असलाच तर तो बहुधा गोंगाटातल्या इंग्रजी आकड्यांचा. डब्ल्यूसीएजी २.२ सांगतं की लॉगिन करताना कोडं सोडवायला किंवा काही आठवायला लावू नका, आणि ओटीपी किंवा पासवर्ड पेस्ट करू द्या. सुरक्षेच्या नावाखाली पेस्ट बंद करणारी पानं हाच निकष मोडतात.

वेळेचा हिशेब घड्याळ लावून करा. स्क्रीन रीडरवर ओटीपीचा संदेश ऐकायचा, परत पानावर यायचं, खाना शोधायचा, सहा आकडे टाकायचे. यात डोळस माणसापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. मुदत संपण्याआधी सूचना मिळावी आणि एखादी कळ दाबून ती वाढवायला किमान २० सेकंद मिळावेत, हा निकष आहे.

दोष कसा लिहावा

‘साइट सुगम्य नाही’ या वाक्यानं कुणीही काही दुरुस्त करत नाही. प्रोग्रामरला जागा, कृती आणि परिणाम हवा असतो. उदाहरणार्थ:

देयक शोधण्याचं पान. विंडोज ११, क्रोम, एनव्हीडीए. एफ दाबून पहिल्या खान्यावर गेलो. ऐकू आलं: ‘एडिट, ब्लँक’. ऐकू यायला हवं: ‘ग्राहक क्रमांक, एडिट, आवश्यक’. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला खाना ओळखता येत नाही, बिल भरण्याचं काम इथेच थांबतं. निकष १.३.१ आणि ४.१.२, पातळी ए.

कामच थांबवणारे दोष सर्वांत वर, त्रास देणारे नंतर. दुरुस्ती झाली म्हणून सांगितलं तरी तीच कृती पुन्हा करून पाहिल्याशिवाय दोष बंद करू नये. एक खाना दुरुस्त करताना शेजारचा बिघडतो, हा नेहमीचा अनुभव.

तपासणार कोण

हे काम शिकता येतं. अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाचा ‘ट्रस्टेड टेस्टर’ हा हातानं तपासणी शिकवणारा ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहे. आयएएपी या सुगम्यता व्यावसायिकांच्या संस्थेच्या परीक्षाही आहेत. २८ जून २०२५ पासून युरोपात सुगम्यतेचा कायदा लागू झाल्यानं परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या कंपन्यांना असे तपासनीस लागणारच. ऐरोली ते महापे या पट्ट्यातल्या आयटी पार्कांत परदेशी ग्राहकांचं काम भरपूर चालतं, तेव्हा नवी मुंबईच्या मुलामुलींसाठी ही कामाची संधी घराजवळची आहे.

पण शिकलेला डोळस तपासनीस एनव्हीडीए चालवतो तेव्हा त्याचे डोळे त्याला नकळत मदत करत असतात. खाना कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं. वर्षानुवर्षं स्क्रीन रीडरवर जगणारा माणूस पान वेगळ्याच वाटेनं चालतो, आणि दोष त्या वाटेवर असतात. मुंबईत शिल्पी कपूर यांनी सुरू केलेल्या बॅरिअरब्रेक या कंपनीनं दिव्यांग तपासनिसांना सोबत घेऊनच हे काम उभं केलं. नवी मुंबईत वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, आणि खाडीपलीकडे वरळीला अंधांसाठीची नॅब ही संस्था, वांद्र्याला श्रवण-वाचा दिव्यांगांसाठीची अली यावर जंग संस्था. संकेतस्थळाची निविदा काढतानाच तपासणीसाठी दिव्यांग व्यक्तींची नेमणूक आणि तिचा मोबदला त्यात लिहिला, तर त्या माणसांना शोधायला लांब जावं लागणार नाही. फुकट ‘अभिप्राय’ मागणं थांबायला हवं. ते कसबाचं काम आहे आणि त्याचे पैसे द्यायला हवेत. बौद्धिक दिव्यांग तरुणांना तपासणीत घेतलं तर आणखी एक गोष्ट उघडी पडते: आपल्या सूचनांची भाषा किती अवघड असते. ‘सदर देयकाचा भरणा विहित मुदतीत न केल्यास’ हे त्यांना कळत नाही, आणि खरं तर बऱ्याच जणांना कळत नाही.

अडलेल्या नागरिकानं काय करावं? आधी त्या संस्थेला लेखी कळवावं, वर दिलेल्या पद्धतीनं जागा आणि कृती लिहून. शक्य असेल तर स्क्रीन रीडरच्या आवाजासह पडद्याचं रेकॉर्डिंग जोडावं, मात्र त्याआधी त्यात ओटीपी आणि खात्याचा तपशील येणार नाही याची खात्री करावी. दाद मिळाली नाही तर राज्याचे दिव्यांग आयुक्त पुण्यात आहेत, आणि केंद्राच्या अखत्यारीतल्या सेवांसाठी दिल्लीत मुख्य आयुक्त आहेत. कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड होतो, पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. तक्रारीत तारीख, वेळ, ब्राउझर आणि स्क्रीन रीडरची आवृत्ती लिहिलेली असेल, तर ‘आमच्याकडे तर व्यवस्थित चालतं’ हे उत्तर देणं संबंधितांना अवघड जातं.